लिफाफ्यातली तेवीस मतं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. बायको म्हणते, रिटायर झालात ना, सोडा की आता. नाही सुटत, काय करू.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, मीही नवाच फौजदार. मुरुडकडचं एक गाव, नाव सांगत नाही, तिथं ग्रामपंचायतीच्या मतदानाला माझा बंदोबस्त होता. दुष्काळ असा की आडात चिखलसुद्धा उरला नव्हता. टँकर यायचा, पण सरपंचाच्या दारात थांबायचा. बौद्ध वस्तीचा नंबर सगळ्यांचं भरून झाल्यावर, म्हणजे बहुतेक दिवशी नाहीच. टँकर कुठं थांबवायचा हे पंचायत ठरवते ना, मग पंचायतीतच बसू, म्हणून वस्तीनं त्या वर्षी आपला माणूस उभा केला. समोर सरपंचाचा पुतण्या.

दहाच्या सुमारास शाळेच्या फाटकाशी एक बाई आल्या. वस्तीच्या उमेदवाराच्या भावजय.

"साहेब, आमाला मत देऊ देईनात. म्हनतेत तुमचं झालंय. आमी तर आत्ता आलोत."

मागं आणखी बावीस बायका. प्रत्येकीच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर काळी शाई.

"मग ही शाई कुठली, मावशी?"

"काल खडीच्या कामावर मुकादमानं लावली की. म्हनला, नवा जिल्हा झालाय, हजेरीची पद्धत बी नवी हाय. अंगठा नगं, बोट द्या."

रोजगार हमीवर रोज अंगठा द्यायची सवय. त्या सवयीवरच डाव टाकलेला. मी बोटं नीट बघितली. हजेरीची शाई अंगठ्याच्या पोटाला लागते, कारण ठसा कागदावर उठवायचा असतो. ही नखावर होती. नखाचा ठसा कुणी घेतं का?

मुकादम सरपंचाच्या मांडवात चहा पीत होता. त्याला शाळेच्या एका खोलीत आणला.

"हजेरीची नवी पद्धत कुणी काढली हो?"

"कसली पद्धत, साहेब? लई लबाड बाया हायत. एकडाव मत देऊन पुन्ना आल्यात."

"तुमचं झालं मत?"

"न्हाई अजून. जेवन करून देतो."

"हात दाखवा."

डाव्या हाताचं बोट कोरं आणि उजव्या हाताची तीन बोटं काळी. मतदानाची शाई लावणाऱ्यालाही सोडत नाही.

"चुलीची काजळी हाय, साहेब."

"मग धुवा."

हवालदारानं तांब्याभर पाणी आणि साबण दिला. त्या दिवसांत तेवढं पाणीसुद्धा जिवावर आलं. गडी घासून घासून थकला आणि खाली बसला. "पुतण्यानं बाटली दिली. मागल्या इलेक्शनची उरलेली." बाटली त्याच्या पिशवीतच निघाली. पंचनामा केला, सील केलं. मी जाम खूश.

तसाच केंद्राध्यक्षाकडं गेलो. "यादीत या बायकांच्या नावावर मत दिल्याची खूण आहे का?"

"नाही."

"मग द्या मतपत्रिका."

गृहस्थानं दाराकडं बघितलं. सरपंच व्हरांड्यातच उभा होता. शेवटी केंद्राध्यक्ष म्हणाला, "वेगळ्या मतपत्रिका देतो. नियमात आहे तसं." बायकांनी शिक्के मारले. त्यानं एकेक मतपत्रिका घडी करून लिफाफ्यात घातली.

मावशींनी मला विचारलं, "साहेब, आमची पेटीत का टाकंनात?"

मी वर्दीत होतो, जोरात होतो. म्हणालो, "मत ते मतच, मावशी. जा निवांत घरी."

दुसऱ्या दिवशी तहसिलीत मोजणी. पेटी उलटी केली, गठ्ठे बांधले, मोजले. पुतण्या अकरा मतांनी निवडून आला. लिफाफा टेबलावर तसाच पडलेला.

"साहेब, हा राहिला," मी म्हणालो.

निवडणूक अधिकाऱ्यानं मान वर केली नाही. "ते मोजत नाहीत. आपल्या नावावर दुसराच मत देऊन गेला असेल, तर अशी मतपत्रिका देतात. कोर्टानं मागितली तरच उघडायची."

"पण यांच्या नावावर कुणीच मत दिलं नव्हतं."

"मग साधी मतपत्रिका द्यायची होती. तुम्ही तिथंच होतात ना?"

हो. तिथंच होतो.

वस्तीत जाऊन मीच सांगितलं. कोर्टात जाता येतं, वकील बघून देतो, असंही म्हणालो. मावशी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मुकादमानं फसिवलं ते आमाला कळलंच हुतं, साहेब. त्याच्यासाठीच आलतो तुमच्याकडं. तुमी जा म्हनलात म्हनून घरी गेलोत. न्हाईतर पेटी बंद हुस्तोवर उठलो नसतो तिथून."

मुकादम आणि पुतण्या, दोघांवर दोषारोपपत्र ठेवलं. तपासाबद्दल वरून मला शाबासकीचं पत्र आलं. ते मी फाडलं. चोरी पकडली माझ्या हातानं, आणि ती तडीस गेली माझ्याच तोंडानं. नियम माहीत नव्हता, तर विचारायचं होतं. मी विचारलं नाही, छाती फुगवून सांगितलं. पुतण्यापेक्षा जास्त राग मला त्या वाक्याचा येतो.

पुढं धर्माबाद, नायगाव, जिथं जिथं बंदोबस्त लागला, तिथं मतपत्रिकेवरून वाद झाला की मी केंद्राध्यक्षाला मतदारासमोरच विचारायचो, "हे मत मोजणार का? हो की नाही, एवढंच सांगा." पुष्कळांना राग यायचा. म्हणायचे, पोलिसाला काय करायचंय. मी उत्तर मिळेपर्यंत हलायचो नाही, आणि मतदारालाही हलू द्यायचो नाही.