पोटॅशियमची वाट

तो पडदा दिसेनासा झाला की तयार झाला असं समजायचं. आधी त्यावर साबणाच्या फुग्यावर असतात तसे रंग फिरायचे. हिरवा, तांबूस, मग सोनेरी. मग एका कडेने काळोख सरकत यायचा आणि टाचणीच्या टोकाएवढं ते भोक पूर्ण काळं व्हायचं. मी आयुष्यात नाना तऱ्हेचा माल पाहिला, पण दिसेनासा झाल्यावर ज्याची किंमत वाढते असा तेवढाच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माझा छोटा गाळा होता. माझं घर दातिवऱ्याचं, वडील होडीवर. मी मॅट्रिक होऊन इकडे आलो तेव्हा वसाहत नुकती उभी राहत होती. ड्रम धुण्याच्या कामाला लागलो आणि ड्रमांवरची नावं वाचत वाचत रसायनं शिकलो. ज्याला कोणी शिकवलेलं नसतं त्याला कोणी चूक काढलेली खपत नाही. माझा राग वसाहतीत प्रसिद्ध होता आणि भावात घासाघीस करण्याची माझी सवयही.

बोईसरच्या एका मोठ्या औषध कारखान्याचे खरेदी अधिकारी माझे मुख्य गिऱ्हाईक. त्यांनीच त्या बाईंना माझ्याकडे पाठवलं. बाई पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात डॉक्टरेटचं काम करायच्या. त्यांना एक पांढरी पूड हवी होती. परदेशातून मागवली तर यायला वर्ष गेलं असतं.

"ह्या पुडीचा प्रत्येक रेणू म्हणजे एक बांगडी आहे," त्या म्हणाल्या. "पोटॅशियमचा कण त्या बांगडीत नेमका बसतो. सोडियमचा बसतो, पण सैल."

"आणि बांगड्या घेऊन तुम्ही करणार काय?"

"एकीमागे एक रचणार. बोगदा होईल. आपल्या पेशीला तेलकट पडदा असतो, त्यातून मीठ आरपार जात नाही. म्हणून शरीरानं त्यात बारीक वाटा ठेवल्यात. कुठून पाणी जातं, कुठून पोटॅशियम. तशी एक वाट मला हातानं बनवायची आहे."

मला लगेच आमच्या खाजणाची उघाडी आठवली. बांधातलं लाकडी दार ते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला आपणहून मिटतं. मी तसं म्हटलं. "मिटणारी वाट अजून मला जमलेली नाही," त्या म्हणाल्या. "आधी उघडी तर जमू दे."

मी भाव सांगितला, त्यांनी निम्मा केला, मी चहा मागवला. शेवटी ठरलं की पैसे त्या म्हणतात तेवढेच, पण वाट तयार झाली की मला ती बघायला मिळाली पाहिजे. त्या हसल्या. "बघण्यासारखं फार नसतं हो."

पूड मी स्वतः बनवली. बांगडीचं तोंड नीट जुळावं म्हणून स्वस्तातला सोडियमचा क्षार सोडून महागाचा पोटॅशियमचा वापरला. जवळच्या पाम गावाहून एक मावशी माझ्याकडे कामाला यायच्या. त्या सुयांसारखे पांढरे स्फटिक कापडावर घेऊन तांदूळ धुवावेत तसे पाण्याने धूत बसल्या. "शेट, हे भात झाला असता तर घरचे सारे जेवले असते," असं म्हणत त्यांनी पाच पाण्यांत माल धुतला. बरणी भरून मी स्वतः पालघरला नेऊन दिली.

आठवड्याने बरणी परत आली. सोबत चिठ्ठी होती: मालात मीठ आहे, भेसळ वाटते. मी ते गिळलंही असतं. पण बाईंनी हे खरेदी अधिकाऱ्यांनाही सांगितलं होतं, कारण त्यांनीच माझं नाव सुचवलं होतं. अधिकाऱ्यांचा फोन आला. "तुमची वर्षाची ऑर्डर मी तूर्त थांबवतो. भेसळीचा बोभाटा झाला तर माझी नोकरी जाईल. माल चांगला आहे असं बाईंनी मला शनिवारी चारच्या आत स्वतः सांगितलं, तर ऑर्डर देतो. चारला कागद मुंबईला जातात."

मी फोन ठेवला आणि टेबलावरचा पेला भिंतीवर फेकला. मावशी आल्या, काचा गोळा केल्या आणि म्हणाल्या, "पेल्यानं काय केला हाय? माल बघा ना."

म्हणून माल बघितला. तारेच्या टोकावर पूड घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरली. मीठ असतं तर ज्योत पिवळीधमक झाली असती. ती झाली फिकट जांभळी. पुन्हा धुतली, पुन्हा धरली, पुन्हा जांभळी. दुपार उतरत होती, शेडमध्ये अर्धवट अंधार होता, आणि त्या अंधारात मी तारेमागून तार जाळत बसलो होतो. जांभळा रंग येई आणि विझे, जणू कोणी पापणी उघडून मिटत होतं. मावशी शेजारी उभ्या होत्या. "धुवून धुवून पानी संपला, पर ह्यो जात नाय," त्या म्हणाल्या. "आत बसलाय तो. बाहेरून धुतला तर कसा जाईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी तडक पालघरला गेलो. कॉलेजनं बाईंना रेल्वेरुळांच्या बाजूची एक जुनी खोली दिली होती. त्या वर्गावरून येईपर्यंत मी दारातच उभा राहिलो.

"मॅडम, मीठ कशाचं?"

"कशाचंही असो, आहे ना?"

"पोटॅशियमचं आहे, ज्योत जांभळी येते. तुमच्या बांगडीचं काम काय? पोटॅशियम धरायचं. मी तिला पोटॅशियमच्या घरात जन्माला घातलं, तिनं ते धरलं. आता ती बांगडी चोख ठरली की भेसळ?"

बाईंनी हातातली खडूची पेटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी शिकवते हे."

"मग फोन करा त्यांना."

"आत्ता नाही. मी एकदा न तपासता बोलले, दुसऱ्यांदा नाही बोलणार. माल साफ करू, पडद्यावर लावू. वाट उघडली तर त्याच मिनिटाला फोन करते."

ह्यावर मी पुष्कळ घासाघीस केली. त्या हलल्या नाहीत. राग आला, पण मनात म्हटलं, ही बाई माझ्या धंद्यात असती तर मी उपाशी मेलो असतो.

साफ करायची रीत त्यांनी सांगितली. स्फटिक बाहेरून धुवायचे नाहीत, क्लोरोफॉर्ममध्ये पूर्ण विरघळवायचे आणि मग पाण्याबरोबर पुनःपुन्हा हलवायचे. बांगडी तेलकट बाजूला राहते आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं. दोन दिवस मी आणि मावशी तेच करत होतो. शेवटी तार धरली तर ज्योत निळीच राहिली. तेवढ्या पुडीला, तेलकट पडद्यात रुतून बसावी म्हणून, बाईंनी आपल्या रीतीने लांब शेपट्या जोडल्या, आणि शनिवारी दुपारी मला बोलावलं.

त्यांचं मोजण्याचं यंत्र मुंबईच्या एका संस्थेकडून उसनं आणलेलं, सोमवारी परत जायचं होतं. टेबलाखाली त्यांनी स्पंज ठेवले होते, तरी गाडी गेली की कपातल्या भोकावर ओढलेला तेलाचा पडदा फुटायचा. म्हणून त्या दोन गाड्यांच्या मधल्या वेळात काम करायच्या. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं. मालगाड्यांचा मात्र त्यात पत्ता नसायचा.

मी बाहेर जाऊन स्कूटरची ट्यूब घेऊन आलो, अर्धी हवा भरली आणि सगळी मांडणी तिच्यावर ठेवली. पुढची गाडी धडधडत गेली, खिडकीच्या काचा वाजल्या, पडदा राहिला. बाई म्हणाल्या, "दोन वर्षं मी स्पंज बदलतेय."

मग आम्ही वाट बघत बसलो. एका छोट्या पांढऱ्या कपात दोन्हीकडे खारं पाणी, मधल्या भिंतीत पडद्याने मिटलेलं ते काळं भोक, पाण्यात वीज मोजायला चांदीच्या दोन तारा. कागदाचं भेंडोळं हळूहळू सरकत होतं आणि त्यावर पेन सरळ रेघ ओढत होतं. बाहेर ऊन होतं, आत पंखा बंद, कारण पडद्याला वारा चालत नव्हता. त्या सरळ रेघेकडे बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं. लहानपणी शांत समुद्रात होडीत पडून राहायचो तेव्हा पाणी असंच आपल्याखालून सरकत असल्याचं नुसतं जाणवायचं. साडेतीन वाजून गेले.

पेन वर गेलं.

हळूहळू नाही. एकदम, पायरी चढल्यासारखं. वर थांबलं. तिथं सरळ रेघ ओढू लागलं. मग तितकंच खाली आलं. पुन्हा वर. प्रत्येक पायरी सारख्या उंचीची.

"ही एक वाट," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "एकच. उघडली. आता मिटली."

त्या क्षणी मला पुडीचा, भावाचा, कशाचाच विचार नव्हता. कोट्यवधी कण एका बांगडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाय टाकत पलीकडे चालले होते आणि त्यांची चाहूल ह्या पेनाला लागत होती.

बाईंनी घड्याळ बघितलं आणि उठल्या. फोन खाली कारकुनाच्या खोलीत होता. चारला दहा मिनिटं कमी. "मी फोन करून येते."

"पडदा किती टिकेल?"

"सांगता येत नाही. मधे काचेच्या पट्टीने पाणी ढवळावं लागतं, ते तुम्हाला जमणार नाही."

माझ्या बोलण्याला अधिकाऱ्यांकडे किंमत नव्हती, बाईंच्या बोलण्यालाच होती. आणि कपाशीही बाईंचाच हात हवा होता. मी म्हटलं, "बसा."

"अहो, तुमची ऑर्डर."

"बसा म्हटलं ना."

त्या बसल्या. चार वाजले, सव्वाचार वाजले, पेन चढत उतरत राहिलं. पाचच्या सुमारास पडदा आपोआप फुटला आणि रेघ कागदाच्या टोकाला जाऊन आपटली.

सोमवारी बाईंनी फोन केला. अधिकारी म्हणाले, आता काय उपयोग, ऑर्डर वापीच्या एकाला गेली. वर्षभर तो माल वापीहून आला. मी त्या वापीवाल्याचं तोंड आजही बघत नाही. बाईंवरही माझा राग आहे, कारण भेसळ हा शब्द त्यांनी तपासण्याआधी उच्चारला. मीच बसा म्हणालो हे मला ठाऊक आहे. त्याने राग कमी होत नाही.

कागदाच्या भेंडोळ्यातला एक वीतभर तुकडा मी त्यांच्याकडून मागून घेतला. त्या प्रबंधाला लागतो म्हणत होत्या, मी हटून बसलो. शेवटी त्यांनी ब्लेडने कापून दिला. तो घेऊन मी खरेदी अधिकाऱ्यांच्या टेबलावर पसरला.

"हे काय?"

"माझ्या मालाचा रिपोर्ट."

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "रेघ वर गेली, खाली आली. यात काय कळायचं?"

मी समजवायला लागलो. बांगडीपासून सुरुवात केली. त्यांचा जेवणाचा डबा उघडायचा राहिला, तरी मी बोलतच होतो.