मावशीची जाहिरात

नितीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या स्टँडवर वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत उभी होते. शनिवार होता, सकाळची शाळा आटोपून मावशीकडे गुंजवण्याला निघाले होते. पिशवीत तिच्या गोळ्या आणि खारी. फोनवर नितीनचा पुण्यातल्या खोलीतला जोडीदार होता. ‘ताई, नितीन ऑफिसातच पडला. दवाखान्यात नेईपर्यंत...’ एसटी आली, मी चढले, तिकीटही काढलं. रस्ताभर एकच घोकत होते, मावशीला काय म्हणून सांगायचं. शेवटी दारात उभी राहिले तर तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. मला काही सांगावंच लागलं नाही.

नितीन माझा मावसभाऊ, माझ्याहून लहान. लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायचा, ‘आधी गावाला परत येतो ताई, मग बघू.’ पुण्यात कॉम्प्युटरवरची नोकरी, पण जीव सगळा राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात. तिथल्या वाटांवर तो ब्लॉग लिहायचा. कुठल्या टाक्यात उन्हाळ्यातही पाणी असतं, कुठल्या घळीत गांधीलमाशा आहेत, कुणाच्या घरी पिठलं-भाकरी मिळते. गड चढायला येणारी शहरातली माणसं ते वाचून यायची. वाचणारे वाढले तशा त्याने पानावर जाहिराती घेतल्या. मजकुराच्या मधोमध एक चौकोन, त्यात काय दिसायचं ते जाहिरातवाली कंपनी ठरवणार. वाचणाऱ्याने ती पाहिली, तिच्यावर बोट लावलं, की नितीनच्या खात्यात थोडे पैसे. झऱ्याच्या पाण्यावर त्याने इतकं जीव ओतून लिहिलं, आणि त्याच्याच खाली पाणी शुद्ध करायचं यंत्र. कडा चढण्याच्या लेखात गुडघेदुखीचं तेल. मी त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल केली. तो म्हणायचा, ‘हस तू. ह्याच तेलावर मी घरी येनार हाय.’ आणि खरंच, पैसे वाढत गेले. असंच आणखी थोडं चाललं असतं तर नोकरी सोडून गुंजवण्यात आईपाशी राहायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

ते त्याने मावशीलाही सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. मावशीला अक्षरओळख नाही. पानाच्या माथ्यावर नितीनचा फोटो होता, त्यावरून ती ब्लॉग ओळखायची. ‘आई, ह्या चौकोनावर कुनी बोट लावलं की मला पैसं मिळत्यात,’ एवढं सांगून तो पुण्याला गेला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, की मावशी मोबाईल घेऊन बसली. बोट दुखेपर्यंत दाबायची. वर नळावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. आपल्या नित्याला घरी आणायचंय म्हटल्यावर आख्खी आळी कामाला लागली. शेतावरून आलेली माणसं हातपाय धुऊन जाहिराती दाबायला बसायची. पैसे मिळावेत म्हणून घरच्यांनीच दाबत राहणं ही कंपनीच्या लेखी लबाडी होती, हे त्यातल्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एके सकाळी नितीनचं खातं बंद झालं. त्याने विनवण्या केल्या. छापील उत्तर आलं, खातं उघडलं नाही. गावाला परतणं तिथंच राहिलं.

मावशीला त्याने यातलं काही कळू दिलं नाही. मला कळलं ते एका संध्याकाळी, तो माझ्याकडे जेवायला आला होता तेव्हा. बोलता बोलता त्याच्या मोबाईलवर सायकलच्या घंटीसारखा आवाज झाला, पुन्हा पुन्हा झाला आणि थांबला. तो हसला. ‘आई आता जेवायला बसंल,’ म्हणाला. मी खोदून विचारलं तेव्हा बोलला. आळीतल्यांना त्याने ‘आता आई एकटीच पुरे’ म्हणून थांबवलं होतं, पण रिकामी जागा दिसली तर आई घाबरेल, म्हणून त्याने स्वतःच एक चौकोन तयार केला होता. तांबडी चौकट आणि आत घरच्या तांदळाचा फोटो. फक्त तिच्याच मोबाईलवर दिसायचा. तिने बोट लावलं की याच्याकडे घंटी वाजायची.

‘आणि पैसे?’ मी विचारलं.

‘कसलं पैसं, ताई. आई बरी हाय एवढं कळतंय की.’

‘अरे, मग तिला सांगून टाक ना एकदा.’

‘नगं. माझं येनं तिच्याच बोटानं अडलं, हे तिला कळलं तर ती जगायची न्हाई.’ त्यानंतर आम्ही दोघंही भातावर आमटी घेऊन जेवलो.

नितीन वारल्यावर त्याच्या खोलीतल्या जोडीदाराने बॅग आणि मोबाईल माझ्याकडे आणून दिला. मी मोबाईल चार्जिंगला लावला आणि स्वयंपाकाला लागले. दिवेलागणीला घंटी वाजली... मी गॅस बंद केला. मुलगा मातीआड झाला तरी मावशीने बोट लावलं होतं. दुसऱ्या दिवशी वाजली, तिसऱ्या दिवशीही. उजेड कमी व्हायला लागला की मी कामात असले तरी कान त्या आवाजाकडे. मोबाईल बंद करून टाकावा असं रोज वाटे. पण बंद केला आणि मावशीने बोट लावलं, तर ते जाणार कुठे? भीती वाजण्याची होती आणि न वाजण्याचीही.

नितीनचा जलदानविधी झाल्यावर मावशीला चार दिवस भोरला घेऊन आले. नितीनचा मोबाईल कपाटात साड्यांखाली ठेवला, आवाज बंद करायचं राहून गेलं. संध्याकाळी तिने वंदना म्हटली, कमरेचा मोबाईल काढला, बोट लावलं. आतल्या खोलीत घंटी वाजली.

‘आत काय वाजलं गं?’

‘नितीनचा मोबाईल आहे, मावशी.’

तिने स्वतःच्या बोटाकडे बघितलं. पुन्हा लावलं. आत पुन्हा वाजली. आता ती पैशांचं विचारणार म्हणून मी मनात सगळं खोटं जुळवून ठेवलं.

‘म्या बोट लावलं की त्याच्याकडं वाजायचं व्हय?’

‘हो.’

‘रोज?’

‘रोज.’

‘म्हंजी त्याला कळत व्हतं,’ मावशी म्हणाली. पैशांचं तिने विचारलंच नाही. त्या शनिवारपासून न रडलेली माझी मावशी तेव्हा रडली. मी म्हटलं, ‘लाव अजून एकदा.’

तिने पदराने डोळे पुसले आणि मोबाईल पालथा ठेवला. ‘नगं. सारकं सारकं नगं. कामात असंल त्यो.’

मावशी आता गुंजवण्याला परत गेली आहे. नितीनचा मोबाईल माझ्या कपाटावर असतो, रिचार्ज संपायच्या आत मी पुढचा मारते. दिवेलागणीला घंटी वाजते, एकदाच. मी हात पुसते आणि मोठ्याने म्हणते, ‘आई जेवायला बसली बघ.’ घरात तेव्हा मी एकटीच असते... पण ते म्हटल्याशिवाय मला पुन्हा गॅसपाशी जाता येत नाही.