उजवं इंजिन

नगर जिल्ह्यात आमच्या घरमालकांइतकं विमान चालवलेला माणूस झाला नाही, आणि त्यांच्या विमानाइतकं जमिनीला घट्ट धरून बसलेलं विमानही झालं नाही. श्रीरामपुरात त्यांच्या घरामागं पत्र्याची शेड होती. तिथं पूर्वी म्हैस बांधत. म्हैस विकली आणि त्या जागी घरमालकांनी, म्हणजे आमच्या काकांनी, विमान उभं केलं. मी त्यांचा भाडेकरू, शाळेत मास्तर, अगदीच सडाफटिंग. घरमालकाला नाही म्हणायची सोय नसते, म्हणून मी त्या विमानाचं उजवं इंजिन झालो.

हे जरा नीट सांगायला हवं. काका मूळचे काष्टीचे, शेतकऱ्याच्या घरातले. लढाईच्या काळात वायुदलात मेकॅनिक म्हणून लागले आणि तिथल्या एका दोन पंख्यांच्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या विमानाच्या नादाला लागले. उडवणारे दुसरेच. काकांनी इंजिनं खोलायची, पुसायची, जोडायची आणि विमान दिसेनासं होईपर्यंत जमिनीवरून मान वर करून बघत राहायचं. पेन्शन घेऊन श्रीरामपुरात येऊन राहिले ते ही एवढी एक हौस उराशी धरून. जेटचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. "जेट म्हंजे चुलीची फुंकनी," म्हणायचे. "त्यात मानसाच्या हाताला काय काम हाय?"

हाताला काम मात्र आमच्या शेडमध्ये भरपूर होतं. दोन खुर्च्या, विमान चढवा-उतरवायला काकांच्या हातात एक दांडा, समोर फळी, फळीवर भंगारातून आणलेली ट्रॅक्टरची मीटरं, गजराचं घड्याळ, आणि उंची दाखवायला पुठ्ठ्याची तबकडी. तिचा काटा विमान चढेल तसा मी बोटानं फिरवायचा. प्रत्येकाच्या पायाखाली तराजूच्या दांडीसारखं एक आडवं लाकूड, उजवा पाय रेटला की डावा मागं येणार. दोन्ही लाकडं दोरांनी एकमेकांना जोडलेली, त्यामुळे काकांनी जो पाय रेटला तोच माझाही आपोआप पुढं जायचा. आवाज मात्र तोंडानं. डावं इंजिन ते, उजवं मी. दोघांचा सूर जुळला नाही तर खरं विमान थडथडतं म्हणे, म्हणून माझा आवाज जरा उतरला की काका हात वर करून सगळं थांबवायचे. "मास्तर, पुन्यांदा. धावपट्टीपासनं." आठवडाभर वर्गात घसा फोडायचा आणि रविवारी असं घुमायचं! सोमवारी मी पोरांना कविता खुणेनंच शिकवायचो.

बरं, सगळं अगदी खऱ्यासारखं व्हायला हवं. नागपूरला पोचायला खऱ्या विमानाला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ जागचं हलायचं नाही. काकू मागच्या दारात येऊन म्हणायच्या, "अवो, भाकरी गार व्हाया लागल्यात." काका समोरच्या पत्र्यावरची नजर न काढता सांगायचे, "आत्ता अकोल्यावर हाय." "मग अकोल्यालाच जेवा," असं म्हणून काकू आत जायच्या आणि माझ्या पोटातले कावळे नागपूरपर्यंत ओरडत राहायचे. निघण्याआधी काका हवामान जाहीर करायचे. ती दुष्काळाची वर्षं. "आभाळ साफ, ढग न्हाई," असं ते रुबाबात म्हणाले की काकू रिकामी घागर कमरेवर घेऊन जाता जाता म्हणायच्या, "त्यात काय कौतुक, समद्या गावाला ठावं हाय."

पण काकांचा खरा जीव अडकला होता तो एक इंजिन बंद पडण्यात. भर उड्डाणात ते माझ्या खांद्याला बोट लावायचे, की मी मेलो. गप्प बसायचं. त्या मरणात मला केवढी विश्रांती मिळे काय सांगू. उजवं इंजिन मेलं की विमान उजवीकडं ओढ घेतं, मग ते सरळ ठेवायला डावा पाय सतत रेटून धरायचा. उजव्या पायाला काम उरत नाही. "जो पाय रिकामा, ते इंजिन मेलं," काका घोकायचे. "मेलेलं इंजिन वळखायचं आनि तेवढंच बंद करायचं. घाबरलेला मानूस काय करतो म्हाईत हाय का मास्तर? गडबडीत चालू इंजिन बंद करतो." हे त्यांनी दूधवाल्यालासुद्धा शिकवलं होतं. मी गप्प झालो की काकू आतून विचारायच्या, "मेला का मास्तर? मग च्या घिऊन जावा म्हनावं."

एके दिवशी सकाळी भाकरी थापता थापता काकू परातीवरच कलंडल्या. अर्धांगवायू. दवाखान्यात काका चादरीखालच्या लुळ्या पायाकडं नुसते बघत बसले होते. हळूच म्हणाले, "उजवा." मला वाटलं, यांचंही डोकं फिरलं.

घरी आणल्यावर काकूंनी हाय खाल्ली. जीभ जड झाली होती, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. काका भरवायला गेले तर त्या तोंड फिरवत. आणि डाव्या हातानं जेवायचं म्हटलं तर, "डाव्या हातानं घास? त्यापरीस उपाशी मरंन," असं तुटक तुटक म्हणून ताट सरकवत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, खाल्लं नाही, पाय हलवला नाही, तर बाई उठायच्या नाहीत. दोन दिवस ताट तसंच परत गेलं. तिसऱ्या दिवशी काका आपलं ताट घेऊन त्यांच्या समोर मांडी घालून बसले. "अगं, चालू इंजिन बंद करतीस व्हय," म्हणाले, आणि स्वतः डाव्या हातानं भाकरी मोडायला लागले. आमटी धोतरावर सांडली, तुकडा मिशीत गेला. माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं की मीही मुकाट्यानं डावा हात ताटात घातला. काकू आमच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचा निम्मा चेहरा हसला, आणि डाव्या हातानं त्यांनी एक घास उचलला. तो घास मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना उचलून शेडमध्ये माझ्या खुर्चीत बसवलं. मला उलट्या घमेल्यावर जागा मिळाली. काकूंचा उजवा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीनं लाकडाला बांधला. आता काकांनी रेटलं की तो पाय पुढं, सोडलं की मागं. रोज नागपूर. उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली, पाय काही ढिम्म हलेना. काकांच्या पोटऱ्या सुजल्या. मी घमेल्यावर बसून घुमत होतो आणि मनात म्हणत होतो, आता पुरे करा हो.

एका रविवारी नागपूर जवळ आलं असताना काकांनी हात वर केला. सूर चुकला असेल म्हणून मी कंटाळून थांबलो. शेडमध्ये सगळं शांत. त्या शांततेत काकांच्या पायाखालच्या लाकडाची उजवी बाजू हळूच पुढं सरकली.

"मी रेटला न्हाई," काका म्हणाले. "मास्तर, मी न्हाई रेटला."

काकू समोरच्या पत्र्याकडं बघत होत्या. "आलं का नागपूर?" त्यांनी विचारलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण विमान उतरत होतं.

पुढं काकू काठी टेकत शेडपर्यंत यायला लागल्या. त्यापलीकडं कधी गेल्या नाहीत. माझी तिसगावला बदली झाली. ट्रंक टांग्यावर ठेवून मी निरोप घ्यायला मागं गेलो, पाया पडलो आणि सहज म्हणालो, "काका, आता उजवं इंजिन कोण?"

"मी हाय न्हवं," काकू म्हणाल्या.

टांगा हलला तेव्हा शेडमधून दोन आवाज येत होते. एक भरदार, दुसरा अडखळत, मधेच तुटणारा. सूर काही जुळत नव्हता. वळणापर्यंत मी कान देऊन ऐकत होतो, पण काकांनी एकदाही थांबवून पुन्हा धावपट्टीवर नेलं नाही.