‘पाय गाडा’ म्हणणारे मडावी सर

मडावी सर गेले त्याच्या चौथ्या दिवशी त्यांना परदेशातून मेल आला. ‘प्रिय प्राध्यापक मडावी, येत्या परिषदेसाठी आलेले तीन शोधनिबंध आपल्याकडे तपासायला पाठवत आहोत. कृपया दोन आठवड्यांत अभिप्राय कळवावा.’ सर प्राध्यापक नव्हते. वर्ध्याच्या एका शाळेत तीस वर्षं खेळाचे शिक्षक होते, मुलांच्या भाषेत पी.टी.चे सर. मेल त्यांच्या नावानं आला तरी वाजला माझ्या फोनवर, कारण त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार मी सांभाळायची. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवलं. चार दिवसांपूर्वी त्यांच्या खो-खोच्या संघातल्या एका मुलीनं फोन करून सांगितलं होतं, की सरांनी सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या, नळावर हात धुतले, कडुनिंबाखाली खुर्चीत बसले आणि मग उठलेच नाहीत. त्या दिवशी मी रडले नव्हते, धावपळीत ते राहूनच गेलं. हा मेल वाचून मात्र मला आधी हसू आलं, आणि हसता हसता मग बाकीचं सगळं आलं…

सर मूळचे गिरडच्या बाजूचे, गोंड कुटुंबातले. वडील जंगलात कामाला जायचे. बहिणीशी फोनवर गोंडी, आमच्याशी वऱ्हाडी, मुख्याध्यापकांशी जमेल तितकी शुद्ध मराठी आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत इंग्रजी कोणाशीच नाही, असा त्यांचा हिशेब. निवृत्तीनंतरही ते पिपरी मेघेहून सायकलवर रोज मैदानावर यायचे. मुलींचा खो-खो हा त्यांचा जीव की प्राण. खो-खोच्या मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब असतात. पाठलाग करणारी मुलगी धावत येते, खांबाला हात घालते आणि गर्रकन वळते. वळण जितकं चपळ तितका डाव आपला. सर हे वळण एकाच पद्धतीनं शिकवायचे. बाहेरचा पाय खुंटी ठोकल्यासारखा जमिनीत रोवायचा आणि त्याच्यावर सगळं अंग फिरवायचं. त्यांची “पाय गाडा” ही आरोळी माझ्या वर्गात व्याकरणाच्या तासाला ऐकू यायची. कर्मणी प्रयोग शिकवताना मुलं खिडकीकडे बघून हसायची आणि मी सरांच्या नावानं बोटं मोडायची.

याच वळणावर, त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, ज्योत्स्ना पडली. ज्योत्स्ना त्यांची सगळ्यात गुणी खेळाडू. आंतरशालेय अंतिम सामना, शेवटचा डाव, ती खांबापाशी वळली आणि गुडघा धरून खाली बसली. आतला बंध, लिगामेंट, तुटला होता. ती पुन्हा खेळली नाही. पुढे लग्न झालं आणि सिंदी मेघ्यात नवराबायकोनं पिठाची गिरणी टाकली. आजही ती उभी राहते तेव्हा भार डाव्या पायावर देते. सर त्या सामन्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. पण त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ती गिरणी असताना हा माणूस दळण घेऊन स्टेशनपलीकडे जायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, तिकडं ज्वारी बारीक निघते. ज्वारी सगळीकडे सारखीच निघते हे त्यांनाही माहीत होतं.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांची एक जुनी विद्यार्थिनी फिजिओथेरपी शिकून आली. तिनं सराव पाहिला आणि भीतभीत म्हणाली, “सर, पाय असा रोवला का सगळा पीळ गुडघ्यावर येते.” दुसऱ्या दिवशी सर मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी उभे. “बाई, बायोमेकॅनिक्स म्हंजे काय?” मी म्हटलं, मला स्पेलिंग सांगता येईल, अर्थ नाही. त्या मुलीनं त्यांना एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं संकेतस्थळ दाखवलं होतं. खेळाडूंच्या शरीराची हालचाल कशी होते, कुठे किती जोर येतो, याचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशीच्या लोकांची ती संस्था. दर महिन्याला ऑनलाइन व्याख्यान, वर्षाला एका देशात परिषद, आणि नवख्यांना एखाद्या जाणत्या सभासदाच्या हाताखाली देण्याची सोय. वर्गणी भरून सर सभासद झाले. व्यवसाय या रकान्यात मी ‘शिक्षक’ लिहिलं, त्याचं तिकडं ‘प्राध्यापक’ कसं झालं ते देव जाणे. आम्ही दुरुस्ती कळवली, पण पुढच्या पत्रात ते पुन्हा प्राध्यापकच. सर म्हणाले, “राहू द्या बाई, इथं तं कोणी म्हणत नाई.”

मग शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत आमची शिकवणी सुरू झाली. व्याख्याता इंग्रजीत बोलायचा, मी थांबवून मराठीत सांगायची, आणि सर उठून ते करून बघायचे. पिळाचा जोर समजून घ्यायला त्यांनी माझा ओला रुमाल पिळला. गुडघा समजला तेव्हा खोलीचं दार चारपाच वेळा उघडून मिटलं आणि मग म्हणाले, “बाई, हे बिजागरी आहे. उघड-मीट कितीबी करा. पण दार असं पिळलं तं खिळे निघतीन का नाई?” खिळे निघतील, मी म्हटलं. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, “म्हंजे ज्योत्स्नाचा गुडघा म्याच मोडला.”

तेव्हा मला कळलं की हा माणूस एवढी धडपड कशासाठी करून राहिला आहे. त्याला शोधनिबंध लिहायचा नव्हता. वीस वर्षं उरात घेऊन फिरलेल्या एका प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर हवं होतं.

संस्थेनं त्यांना फिनलंडच्या हेलेना नावाच्या बाईंच्या हाताखाली दिलं. या बाई फार कडक. त्यांनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की मुलींच्या घोटा, गुडघा आणि कमरेवर खुणा लावा, म्हणजे चित्रीकरणात सांधे नीट दिसतील. तिकडं या खुणा विकत मिळतात. सरांनी बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. लहान टिकल्या घामानं निघाल्या, मोठ्या लाल टिकल्या टिकल्या. दोन फोन, एक शिडीला बांधलेला, दुसरा कडुनिंबाच्या फांदीवर. मुलींच्या आयांकडून मराठीतली परवानगीपत्रं सह्यांसकट घेतली. गुडघ्यावर टिकल्या लावून पोरी रांगेत उभ्या राहिल्या की जाणारेयेणारे सायकली थांबवून बघायचे. हेलेनाबाईंनी विचारलं, या खुणा कोणत्या कंपनीच्या? सरांनी पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यावर नवरीचं चित्र होतं. बाई हसल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सरांनी दोन पद्धती तपासल्या. एक त्यांचीच, पाय गाडण्याची. दुसरी, खांबाआधी तीन आखूड पावलं टाकून पायही अंगाबरोबर वळवण्याची. दुसरीत गुडघा कमी वाकडा जाताना दिसला. सरांनी लगेच निबंधात लिहायला घेतलं, की पहिल्या पद्धतीनं गुडघे मोडतात. हेलेनाबाईंनी ते वाक्य खोडलं. म्हणाल्या, दोन फोनवरून एवढं म्हणता येणार नाही, ‘असं दिसतं’ एवढंच लिहा. सरांनी मला मध्ये घालून विचारलं, “यांना विचारा, वीस वर्षांपूर्वीचा एक गुडघा कशानं मोडला, ते समजन का?” बाई म्हणाल्या, नाही. एका मुलीच्या एका दिवसाबद्दल आपलं शास्त्र काहीच सांगू शकत नाही. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा सरांचा चेहरा पाहवला नाही.

निबंध मात्र परिषदेत पोस्टर म्हणून स्वीकारला गेला आणि पहिल्यांदा येणाऱ्यांसाठीचा प्रवासखर्चही संस्थेनं दिला. परिषद पोर्तुगालला होती. पोस्टर छापायला सर आमच्या नेहमीच्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच्या दुकानात पोस्टर उघडून बघतो तर तीन आलेख, दोन आकृत्या, आणि तळाशी संघातल्या पोरींचे गोल गोल फोटो, प्रत्येकीचं नाव, आणि वर ठळक अक्षरांत ‘शुभेच्छुक’. पेन ड्राइव्हमध्ये संघाचे फोटो पडून होते ते त्यानं काढले होते. मी तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, “म्याडम, खाली एवढी जागा खाली पडून होती. शुभेच्छुक नाई टाकले तं लोक काय म्हनतीन?” वाढदिवसाचा असो की बारशाचा, त्याच्याकडून शुभेच्छुकांशिवाय फ्लेक्स कधी बाहेर पडला नव्हता. दुसरं छापायला वेळ उरला नव्हता.

तिकडून सरांचे आवाजी निरोप येत राहिले. अभ्यासात भाग घेणाऱ्यांचे चेहरे दाखवायचे नाहीत, असा संस्थेचा नियम. हेलेनाबाईंनी पोस्टर बघून डोक्याला हात लावला. तेव्हा सरांनी गळ्यातला दुपट्टा काढला आणि त्या फोटोंच्या रांगेवर टाचण्या टोचून बसवला. झालं, अख्ख्या सभागृहात कापड नेसलेलं पोस्टर तेवढं एकच. जो तो येऊन विचारी, याखाली काय आहे? सर सांगत, “माय गर्ल्स. नॉट अलाउड.” आणि मग ते त्यांना आलेख समजावत. तीन आखूड पावलं ते त्या चकचकीत फरशीवर स्वतः टाकून दाखवत, एका खुर्चीला खांब समजून. शेवटी मी पाठ करून दिलेलं वाक्य म्हणत, की पहिली पद्धत मी पंचवीस वर्षं शिकवली, आता शिकवत नाही. एका म्हाताऱ्या जपानी प्राध्यापकानं ते ऐकून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, माझंही एक असं आहे. सर मला म्हणाले, “त्याचं काय होतं ते नाई समजलं बाई. पण लय वेळ हात धरून होता.”

परत आल्यावर दोन दिवसांनी सर दळणाचा डबा घेऊन निघाले आणि या वेळी सिंदी मेघ्यातच थांबले. मला बरोबर नेलं होतं, धीर यावा म्हणून. गिरणी चालू होती, ज्योत्स्ना केसांपर्यंत पिठानं पांढरी. सरांनी गिरणी बंद करायला लावली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. “मी शिकवलं ते चूक होतं. तुझ्या गुडघ्याचं माह्याच्यानंच झालं का, हे कोणीच नाई सांगू शकत. म्या विचारलं. पण मले वाटते माह्याच्यानंच झालं.” ज्योत्स्ना ऐकत राहिली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “सर, त्या दिवशी म्या पाय गाडलाच नाई. मैदानात चुना जास्त पडलता, माहा पाय घसरला. तुमी उगाच जीव जाळून राह्यले.” आणि तिनं गिरणी चालू केली.

येताना सर इतके खुशीत होते की सायकल हातात धरून शीळ घालत चालले. मी म्हटलं, चला, मिटलं एकदाचं. तर हसून म्हणाले, “बाई, पाय घसरला का तो मोकळा होते. मोकळ्या पायाचा गुडघा असा नाई पिळत. जमिनीनं पायाले धरलं, तवाच पिळते. एवढं तं शिकलो मी.” मी थांबले. म्हणजे ती खोटं बोलली? “साफ खोटं बोलली,” सर म्हणाले. “आता तिनं एवढ्या मनानं दिलं, तं घ्याचं. परत कराचं नाई.” त्या दिवसापासून दर आठवड्याला त्यांचं दळण तिथंच. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला, एकट्या माणसाला असं कितीसं पीठ लागतं? पण शनिवार चुकला नाही. जाताना कधी आलेख घेऊन जायचे, कधी नव्या पोरीचा व्हिडिओ. ज्योत्स्ना तो बघून चुका काढायची. त्यांनी हेलेनाबाईंना कळवलं, की मला इथं एक सहकारी मिळाली आहे.

मागच्या शनिवारी ज्योत्स्नाचा फोन आला, की सरांचा डबा दळून तसाच पडलाय, येऊन घेऊन जा. मी गेले. गिऱ्हाईक नव्हतं. स्टीलचा डबा तिनं कापडानं पुसून ठेवला होता, झाकणावर त्यांचं नाव. तो माझ्या हातात देता देता ती म्हणाली, “बाई, एक सांगू का? त्या दिवशी म्या पाय गाडलता. सरांनं सांगितलता तसाच. घसरली-बिसरली काई नाई. आता सर नाई तं कोणालेतरी सांगावं लागन.”

मी म्हटलं, “त्यांना माहीत होतं.”

घसरलेल्या पायाचा गुडघा कसा पिळत नाही, ते मी तिला त्यांनी सांगितलं तसं सांगितलं. ती ऐकता ऐकता धान्याच्या पोत्यावर बसली. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं रडतेय, तर हसत होती. “म्हंजे मी खोटं बोलून राह्यली, अन् सर दर शनिवारी येऊन ते ऐकून राह्यले…” तिनं पिठाच्या हातांनी डोळे पुसले. नंतर उठून तिनं माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडून चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं, आणि डबा पुन्हा फळीवर ठेवला.

“राहू द्या इथंच,” ती म्हणाली. “शनिवारी मी याच्याच भाकरी करीन, खो-खोच्या पोरीईले घेऊन येजा.”