नावेचं इंजिन, पानमळ्यात

आमच्या इंजिनाने नाव ओढलेली मी कधीच पाहिली नाही. लढाई संपल्यावर लिलावात निघालेल्या मालातून ते अकोल्याच्या बाजारात आलं आणि मी ते रिसोडजवळच्या आमच्या पानमळ्यावर आणलं. कुठल्याशा खाडीत नाव चालवलेलं ते यंत्र पैनगंगेच्या काठी चौथऱ्यावर बसवलं आणि त्याला पंप जोडला. बाबा मळ्यात पाय ठेवण्याआधी वहाणा काढून ठेवायचे. घासलेटचा वास वेलींना सोसेल का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी हसलो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी मॅट्रिक झालो होतो आणि मला सगळं येत होतं. माझ्याच हट्टापायी मोटेचे दोन्ही बैल विकले गेले.

वर्षभर इंजिन झकास चाललं. मग त्याची आमच्याकडची पहिली खंडेनवमी आली. बाबांनी विळे, कुदळी, पंप, इंजिन सगळं धुऊन पुसून ओळीने पुजलं. ओलं कुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी हँडल मारलं, तर इंजिनाने नुसती धाप टाकली. पुन्हा मारलं, पुन्हा तेच.

"काहून चालून नाई राह्यलं?" बाबांनी विचारलं.

"ठिनगी पडून नाई राह्यली."

"कारंज्याचा मिस्त्री बलावू का?"

"कायले? मले येते ना सारं."

मला काय येत होतं, ते आता सांगतो. प्लग काढला. त्याचं आतलं टोक काजळलं होतं, ते घासून लख्ख केलं, फट नीट केली. प्लग इंजिनाच्या लोखंडावर टेकवून, तार लावून हँडल फिरवलं. ठिणगी नाही. म्हणजे दोष मॅग्नेटोत, असं मी ठरवून टाकलं. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या जोरावर ठिणगीची वीज करणारा डबा. तो उघडून आतले पॉइंट पॉलिश पेपरने घासले. तरी नाही. मग चढलो इरेला आणि घोड्याच्या नालेसारखं ते चुंबकच बाहेर काढलं. त्याला माझा पाना असा चिकटला की दोन्ही हातांनी ओढावा लागला. गंज होता, म्हणून हातोडीने ठोकून झाडला, घासलेटने धुतलं आणि दिवसभर उन्हात दगडावर वाळत ठेवलं. फार टापटिपीने केलं सगळं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जोडून पाहिलं, तर इंजिन ढिम्म.

आश्विनातलं ऊन तापलं होतं. पानवेलीला आठवडाभर पाणी चुकलं की ती जाते. आणि आमच्या वेलीचं बेणं आजोबांच्या हातचं होतं. त्याच वेलीची कांडी तोडून बाबा दर खेपेला नवी लावण करत. ते पान दुसऱ्या कोणाच्या मळ्यात नव्हतं. मोट जोडावी तर बैल नाहीत, आणि गावात रब्बीची पेरणी चालू, कोणाचे बैल रिकामे असणार? मग आई, बाबा आणि मी नदीवरून घागरी वाहू लागलो. एवढ्या मळ्याला घागरींनी काय होतं!

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "या दोन वाफ्याइलेच द्या आता. बाकीचं राहू द्या." दोन वाफे त्यांनी निवडले आणि उरलेल्या वेलींकडे पाठ करून उभे राहिले. मी मात्र रोज मॅग्नेटो उघडत होतो आणि मिटत होतो. मिस्त्रीला बोलवायची मला लाज वाटत होती. खरं कारण एवढंच.

आठव्या दिवशी मॅग्नेटो आणि प्लग फडक्यात बांधून मी कारंज्याला गेलो. कापसाच्या जिनिंगमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आधी प्लग घेतला. टोकाकडे पाहिलंही नाही. बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत लाल रेघ वाळली होती, ती त्याने नखाने खरवडली.

"हे काय लावलं?"

"कुकू. पूजेचं."

"ठिनगी याच वाटेनं खाली उतरून राह्यली, आत जाईन कशी? वरून फडकं मारलं असतं तं इंजिन चाललं असतं. मॅग्नेटो बरा हाय का ते समजाले तार नुसती लोखंडाजवळ धरून पाह्यली होती का?"

नव्हती पाहिली. त्याने चुंबकाला खिळा लावला. खिळा खाली पडला.

"काढल्यावर दोन टोकाइच्या मधात लोखंडाची पट्टी ठेवली होती?"

"नाई."

"हातोडी मारली?"

मी फडकं झटकून त्याची घडी घालू लागलो.

"मंग याचा जोर गेला. मुंबईले पाठवून भरून आना. महिना जाईन."

परतताना मोटारीत मला काही सुचत नव्हतं. कुंकू बाबांचं होतं, पण ते एका फडक्याने गेलं असतं. मळा मी मारला होता. कुंकवाचं सांगितलं तर बाबा सगळं स्वतःवर घेणार, हेही मला ठाऊक होतं.

बाबा मळ्यात वाळलेल्या वेली आधारापासून सोडवत होते. अनवाणीच. ते दोन वाफेही माना टाकून होते.

"काय निंगालं?"

"जुनंच होतं बाबा. मेलं."

"मंग तू तरी काय करशीन," ते म्हणाले.

मी चुंबक मुंबईला पाठवलंच नाही. पाणी पाजायला काही उरलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात तिथे तूर पेरली. तुरीच्या बांधावरसुद्धा बाबा वहाणा काढून आत जायचे, आणि मी पाहून न पाहिल्यासारखं करायचो.

खंडेनवमीला त्यांनी ते मेलेलं इंजिन धुऊन पुसून पुजायला घेतलं. प्लग मी कधीच परत बसवून ठेवला होता. बोट ओल्या कुंकवात बुडवून त्यांनी पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली रेघ ओढली.

"तिथंच काहून लावता, बाबा?"

"पांढरं हाय ना, कपाळावानी दिसते. मांगच्या साली बी इथंच लावलं होतं."

मग बोट पुसायला त्यांनी माझ्याकडे फडकं मागितलं. मी दिलं.