आटलेल्या विहिरीवरची बकरी
नव्या कापडाच्या खळीचा वास आला की मला मिल आठवते, आणि मिल आठवली की ती इराणी बकरी. मुलीच्या पुस्तकात इराणातली एक जुनी गोष्ट होती. विहीर आटते, सगळा कळप निघून जातो, एक बकरी मात्र तिथंच बसून राहते. मिल चालू होती तोवर मी पोरीला सांगायचो, "बघ, इमान याला म्हणतात!" मग मिलला कुलूप लागलं. मी रोज डबा घेऊन बंद फाटकाशी बसू लागलो. बायकोच्या भावाचं जवळच्या बेटमा गावात कापडाचं दुकान होतं, पण साल्याच्या हाताखाली मी? एका संध्याकाळी बायकोनं पोरीला तीच गोष्ट मोठ्यानं वाचायला लावली. मी म्हणालो, "बकरी विहिरीची राखण करतेय." बायको म्हणाली, "करू दे ना! तिला म्हणावं, थोडं दूध पण दे. घरात काळा चहा चाललाय." सकाळी मी बेटम्याची बस धरली. साल्याला म्हणालो, "तुला कापडातलं कळत नाही, म्हणून आलोय, भिया." परवा नातीनं ती गोष्ट वाचली आणि म्हणाली, "आजोबा, बकरीचे पाय दुखत असतील, म्हणून बसली." मी म्हणालो, "जा, आजीला सांग. इतकी वर्षं ती बकरीला हट्टी समजतेय."