तिसऱ्या बाकावरचा रुमाल

दानियलभाऊ गेल्याचं मला रविवारच्या उपासनेत, घोषणा चालू असताना कळलं. आम्ही तोवर बदलापूरला राहायला गेलो होतो, अंबरनाथच्या चर्चला रविवारपुरते यायचो, आणि दफन आदल्याच दिवशी घाईनं उरकलं होतं. "आपले जुने सभासद. अविवाहित होते. मागे एक पुतण्या आहे," पाळकसाहेबांनी वाचलं आणि प्रार्थनासभांच्या वेळा सांगायला घेतल्या. मी मुळातच संशयी बाई. आमचे हे म्हणतात, हिला देवदूत भेटला तरी ही त्याचे पंख ओढून बघेल. त्या 'अविवाहित'पाशी मी अडखळले. तिसऱ्या बाकावर वसंतराव मान खाली घालून बसले होते. अंबरनाथ पश्चिमेच्या दोन खोल्यांत दानियलभाऊंबरोबर उभं आयुष्य काढलेला हा माणूस, त्याचं नावच कुणी घेतलं नाही...

पूर्वी आमच्या चर्चमध्ये पुरुष उजवीकडे आणि बायका डावीकडे बसायच्या. लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत, नवरा-बायकोच्या मध्ये वाट असायचीच. अख्ख्या मंडळीत हे दोघंच जोडीनं बसायचे आणि कुणाच्या डोळ्यावर यायचे नाहीत. दानियलभाऊ फॅक्टरीत फिटर, वसंतराव उल्हासनगरला सिंधी शेठच्या कापडदुकानात. रविवारी दुकान उघडून देऊन यायचं म्हणून वसंतरावांना उशीर व्हायचा. दानियलभाऊ शेजारी घडीचा रुमाल ठेवून त्यांची जागा धरायचे. मग एकाच गीतपुस्तकातून दोघं गायचे, दानियलभाऊ बेसूर पण जोरात. नाताळच्या करंज्याही दोघं मिळून करायचे, आणि त्या माझ्यांपेक्षा खुसखुशीत व्हायच्या. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मग परदेशातल्या चर्चमध्ये दोन पुरुषांचं लग्न लावावं की नाही यावर वाद पेटल्याचं पेपरात आलं. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर त्यावर चर्चा ठेवली. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक उठून म्हणाले, "आपल्याकडे असली भानगड नाय, कशाला टाइम खोटी करायचा?" त्या वेळी एकानंही तिसऱ्या बाकाकडे पाहिलं नाही, आणि तिथंच मला संशय आला, की सगळ्यांना सगळं माहीत आहे. दानियलभाऊ शांतपणे म्हणाले, "पाळकसाहेब, लग्न म्हणजे काय तेच एकदा सांगा ना. दुखण्याखुपण्यात उशाशी बसणं त्यात येतं का?" पाळकसाहेबांनी चहा आणायला सांगितला. चहा आला.

थोड्याच दिवसांत जाहीर झालं, की यापुढे एकेका कुटुंबानं एका बाकावर बसायचं आणि एकट्या पुरुषांनी मागे. कुटुंबं घट्ट व्हावीत म्हणून, असं सांगितलं. मला तो नेम धरून मारलेला दगड वाटला. पण झालं भलतंच. मधल्या वाटेनं इतकी वर्षं जे झाकलं होतं, ते आमच्याच पंचांनी उघडं पाडलं. त्या रविवारी जो तो आपल्या माणसाशेजारी बसला. तसेच हे दोघंही बसले, तिसऱ्याच बाकावर. पंच जवळ जाऊन म्हणाले, "भाऊ, हे फॅमिलीसाठी आहे."

"हो, ऐकलं मी," दानियलभाऊ म्हणाले, आणि सरकून त्यांनी वसंतरावांना पंख्याखाली जागा करून दिली.

त्यांना कुणी उठवलं नाही, पण त्या बाकावर दुसरं कुणी बसेनासं झालं. दानियलभाऊंच्या दफनाच्या वेळी पहिली माती पुतण्याला टाकायला लावली आणि वसंतरावांना मागच्या रांगेत उभं केलं, हे मला नंतर कळलं. फार राग आला, अजूनही येतो. आता पंच सांगतात, तो बाक आम्ही वसंतरावांच्या मानासाठी मोकळा ठेवतो. मान म्हणे! त्यांच्याशेजारी बसायला नको, एवढंच ते असणार.

म्हणून गेल्या रविवारी मी ह्यांना ओढतच तिसऱ्या बाकाशी नेलं. वसंतरावांच्या शेजारी घडीचा रुमाल ठेवलेला होता. आम्हाला पाहून त्यांनी तो उचलला. मला वाटलं, खिशात घालतील. त्यांनी तो आपल्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे ठेवला, हातानं नीट सारखा केला.

"बसा ताई," ते म्हणाले. "दानियलभाऊ इकडे बसतील."